उठून उभा राहिलेला गडी

कबड्डीत पकड होते तेव्हा खेळणाऱ्यांची डोकी फार खाली असतात. चढाईला आलेल्याची मांडी धरायला कोपऱ्यातला गडी झेपावतो, त्याला साथ द्यायला साखळीतला दुसरा आत शिरतो, आणि चढाई करणारा मध्यरेषेकडे अंग झोकून देतो. तिघांची डोकी गुडघ्याच्या उंचीवर, दोन हात जागेत. तिथे गुडघा कानशिलात बसतो, कपाळावर कपाळ आदळतं, कधी वरून तिघांचं वजन येऊन खालच्याचं डोकं जमिनीवर आपटतं. पंचांची शिट्टी वाजते. चढाई करणारा बाद ठरतो, उठतो, डोकं झटकतो आणि रेषेबाहेर जाऊन बसतो. मिनिट-दीड मिनिटात त्याच्या संघाला गुण मिळतो आणि तो जिवंत होऊन पुन्हा अंगणात येतो. खेळाच्या नियमाने तो जिवंत झालेला असतो. त्याच्या मेंदूचं काय झालं, हे मात्र कोणीही पाहिलेलं नसतं.

ही पुस्तिका त्या दीड मिनिटाबद्दल आहे. बीड जिल्ह्यातल्या काही क्रीडाशिक्षकांनी, तालमीतल्या वस्तादांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून ती तयार केली. प्रस्तावनेसाठी त्यांनी माझ्याकडे यावं याचं कारण एवढंच, की शालेय कबड्डीच्या मैदानावर मी बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो आहे. डोक्याला मार लागल्यावर सगळ्यात आधी दिसतं ते पंचालाच.

काय दिसतं, ते सांगतो. तालुका स्पर्धेचा सामना होता, चौदा-पंधरा वर्षांची मुलं. एका चांगल्या चढाईपटूची पकड झाली आणि पकडणाऱ्याचा गुडघा त्याच्या कानामागे लागला. तो बेशुद्ध पडला नाही, रक्त आलं नाही. बाद होऊन बाहेर बसला. जिवंत होऊन आत आला तेव्हा त्याची नेहमीची जागा डाव्या कोपऱ्याची, पण तो उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. शेजारच्याने ओढून जागेवर आणला. मग त्याने गुण विचारले. फलक समोर होता. थोड्या वेळाने त्याच शेजाऱ्याला पुन्हा गुण विचारले. मी खेळ थांबवला. प्रशिक्षक म्हणाले, ‘‘काही नाही सर, जरा चक्कर आली.’’ मुलगा म्हणाला, ‘‘मी खेळतो सर.’’ बदली गडी उतरवला. सामना संपला, मुलं पाणी प्यायला गेली, आणि हा मुलगा माझ्याजवळ येऊन विचारतो, ‘‘सर, आपली मॅच कधी आहे?’’

वैद्यकात याला कंकशन म्हणतात. आपल्याकडे ‘मुका मार’ म्हणतात, आणि मुका मार म्हटलं की हळद-तेल लावून विषय संपतो. प्रत्यक्षात तो मेंदूला होणाऱ्या इजेचा प्रकार आहे. मेंदू सुमारे सव्वा ते दीड किलोचा, अतिशय मऊ अवयव. कवटीच्या आत तो द्रवात तरंगत असतो. डोकं वेगात जाऊन एकाएकी थांबलं, किंवा मानेवर गर्रकन फिरलं, की भरल्या जीपला करकचून ब्रेक लागल्यावर आतली माणसं पुढे आदळावीत तसा मेंदू आत हिंदकळतो. चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणजे गरज वाढलेली आणि रसद तुटलेली. ही तूट भरून यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात मेंदूला दुसरा मार बसू नये, हे या पुस्तिकेतलं मुख्य सांगणं आहे. बाकीची पानं त्याच्या तपशिलाची.

यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. कंकशन झालेल्यांपैकी बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि कवटीची चीर दिसते, ताणलेले तंतू दिसत नाहीत. त्यामुळे बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नेलेल्या मुलाचा स्कॅन चांगला आला, की घरचे आणि प्रशिक्षक दोघेही सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढच्या सामन्याची तयारी सुरू होते. स्कॅन चांगला येणं ही मोठीच गोष्ट आहे, जिवावरचं संकट टळल्याची ती खूण आहे. पण ‘खेळायला हरकत नाही’ असा दाखला तो देत नाही. या एका गैरसमजावर पुस्तिकेत एक आख्खं प्रकरण आहे. ते आधी वाचलं तरी चालेल.

दिसणारी आणि न दिसणारी इजा यांना आपण किती वेगळी वागणूक देतो, हे आपल्या क्रिकेटच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, रक्त द्यायला खुद्द वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळले, पण कसोटीत त्यांना पुन्हा कोणी उतरवलं नाही. आता दुसरा प्रसंग पाहा. जानेवारी १९८१, सिडनी. मुंबईचा संदीप पाटील हेल्मेटशिवाय खेळत होता. तो ६५ धावांवर असताना लेन पास्कोचा उसळता चेंडू त्याच्या कानाजवळ बसला आणि तो खेळपट्टीवर कोसळला. त्याला बाहेर नेलं. कसोटी तीन दिवसांत संपली, भारत डावाने हरला, पण त्या तीन दिवसांत संदीप पाटील दुसऱ्या डावात पुन्हा फलंदाजीला आला होता. त्याच महिन्यात ॲडलेडला त्याने १७४ धावा केल्या. आमच्या पिढीने ती खेळी धाडसाचा धडा म्हणून मनात जपली. खेळी थोर होतीच. पण आजच्या नियमांनी त्याला सिडनीच्या दुसऱ्या डावात बॅट हातात घेऊ दिली नसती, आणि ते बरोबरच झालं असतं. धाडस खेळाडूचं असतं. त्याला थांबवण्याची जबाबदारी इतरांची असते, आणि त्या काळात ती कोणाचीच नव्हती.

क्रिकेटला हे कळायला फिलिप ह्यूजचा मृत्यू पाहावा लागला. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीलाच त्याच्या मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. त्याची इजा कंकशनची नव्हती, मानेतली रक्तवाहिनी फुटली होती. पण डोक्या-मानेच्या माराकडे पाहण्याची नजर त्यानंतर बदलली. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कंकशन झालेल्याच्या जागी पूर्ण बदली खेळाडू घेता येऊ लागला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला टी-ट्वेंटी सामन्यात शेवटच्या षटकात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर लागला. जडेजाने षटक पूर्ण खेळून काढलं, नाबाद ४४ धावा केल्या. डाव संपल्यावर त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला आणि त्याने तीन बळी घेतले. त्या रात्री चर्चा कसली झाली? चार चेंडू उभा राहून खेळणाऱ्याला कंकशन कसं असेल, हीच. लक्षणं काही मिनिटांनी, काही तासांनी उघड होतात, हे सांगणाऱ्यांचा आवाज त्या गलक्यात ऐकूच आला नाही. उठून उभा राहिला म्हणजे बरा आहे, ही समजूत आपल्या बीडमधल्या पाटोद्यातही आहे आणि कॅनबेरातही.

आत्तापर्यंत मी एका माराबद्दल बोललो. खरा लांबचा प्रश्न पुन्हा पुन्हा बसणाऱ्या मारांचा आहे, आणि तो जगाला शिकवला तो फुटबॉलने. त्याच्याआधी बॉक्सिंगने. १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, की वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल बिघडते, बोलणं जड होतं, बुद्धी मंदावते. ते वाचून ‘हा बॉक्सिंगचा रोग’ म्हणून बाकीचे खेळ निर्धास्त राहिले. २००२ मध्ये दोन खेळाडू गेले. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेफ ॲस्टल, वय ५९. हेडरने गोल करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहिलं: व्यवसायातून जडलेला आजार. म्हणजे खाणीतल्या मजुराला फुप्फुसाचा रोग जडावा तसा या माणसाला त्याच्या कामातून मेंदूचा रोग जडला. दुसरा अमेरिकी फुटबॉलचा माइक वेब्स्टर, वय ५०. शेवटची वर्षं त्याने स्मृती आणि घरदार हरवून काढली होती. शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. त्यांनी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडल्या. २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तिथल्या फुटबॉल लीगच्या डॉक्टरांनी तो लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. लेख मागे घेतला गेला नाही. पुढे हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले आणि लीगला अब्जावधींच्या भरपाईचा समझोता करावा लागला.

या आजाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात सीटीई म्हणतात. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ साठत जातं आणि मग पसरतं. चिडचिड, अविचार, नैराश्य, विसर आणि शेवटी स्मृतिभ्रंश, असा त्याचा प्रवास अनेक वर्षांचा असतो. नक्की निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. १९५८ मध्ये ब्राझीलला पहिला विश्वचषक मिळवून देणारा कर्णधार बेलिनी २०१४ मध्ये वारला, त्याच्याही मेंदूत हेच निघालं. २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉ. ॲन मॅकी यांनी अमेरिकी लीगमधल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० मध्ये सीटीई आढळला. हा आकडा आपल्याकडे मोबाइलवर फिरतो तेव्हा त्याचा अर्थ ‘१११ पैकी ११० खेळाडूंना हा रोग होतो’ असा लावला जातो. तसा तो नाही. ज्यांना लक्षणं होती, ज्यांच्या घरच्यांना शंका होती, त्यांचेच मेंदू मुख्यतः दान झाले होते. भीती दाखवून मुलांना सावध करता येत नाही. भीती खोटी निघाली की सावधपणाही जातो.

म्हणून मला स्कॉटलंडचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने २०१९ मध्ये ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूच्या नोंदी सुमारे २३,००० सामान्य नागरिकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघालं. पण त्याच अभ्यासात हेही निघालं, की हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने जाणारे खेळाडू कमी होते. खेळाने शरीराचं भलंच केलं होतं. पुढच्या अभ्यासात आणखी बारकावा आला: गोलरक्षकांचा धोका सामान्य माणसाहून फारसा वेगळा नव्हता, बचावपटूंचा सगळ्यांत जास्त, सुमारे पाच पट. आणि कारकीर्द जितकी लांब तितका धोका मोठा. गोलरक्षक चेंडूला डोकं लावत नाही, बचावपटूला दिवसभर तेच काम. खेळ तोच, मैदान तेच, हवा तीच. फरक एवढाच. १९६६ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातल्या रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि चार्लटन बंधू या पाच जणांना स्मृतिभ्रंशाने गाठलं, हे त्या देशाने डोळ्यांनी पाहिलं. २०२० पासून तिथे अकरा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडर शिकवू नये असं ठरलं.

हे सगळं बीडमध्ये कशाला, असं कोणी म्हणेल. इथे व्यावसायिक फुटबॉल कोण खेळतो? खरं आहे. पण आपल्या तालमीत चला. लाल मातीच्या हौद्यात दोन पोरं खडाखडी करतात तेव्हा कपाळाला कपाळ लावून, मानेवर हात टाकून एकमेकांना रेटत असतात. ढाक किंवा कलाजंग असा डाव बसला, की पाठीबरोबर डोकंही खाली येतं. मातीत ते कमी लागतं, गादीवर वेग जास्त असतो. रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे बहुतेक दिवस. पैलवानाचे कान पाहिले की हे सगळं एका जागी दिसतं. घासून, रक्त साकळून, गाठीसारखे घट्ट झालेले कान. जत्रेच्या फडात हलगी वाजत असते आणि जोड लावणारी जाणती माणसं नव्या पोराचे कान आधी पाहतात, मग दंड. मोडलेला कान ही मेहनतीची खूण, आणि तिचा मान आहे. कानावर एवढं घासलं गेलं त्याच डोक्यात, दोन बोटं आत, मेंदू आहे. कानाची गाठ सगळ्यांना दिसते, म्हणून कान दुखतो म्हटलेल्या पोराला वस्ताद दोन दिवस सुट्टी देतात. डोकं जड वाटतं म्हटलेल्या पोराला देत नाहीत, कारण तिथे दाखवायला काही नसतं.

आणि पोरगं म्हणतही नाही. ते का म्हणत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या पुस्तिकेतला एकही नियम पाळला जाणार नाही. बीडच्या मुलाला खेळाने काय मिळतं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण जिंकला, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं आणि राज्य पोलीस दलात उपअधीक्षक झाला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथून स्टीपलचेसमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण. बीडच्याच सचिन धसने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात, चार बाद ३२ अशी अवस्था असताना ९६ धावा काढल्या. कोरडवाहू रानात, उचल घेऊन घर चालवणाऱ्या मुलुखात ही नावं म्हणजे मुलांना दिसलेली वाट आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, पोलीस भरती. यातल्या प्रत्येकाच्या मागे एक प्रमाणपत्र असतं, आणि ते प्रमाणपत्र स्पर्धेत वरच्या पातळीवर पोहोचल्यावर मिळतं. आज दुपारचा सामना जिंकला तर विभागाला जायचं आहे, अशा वेळी ‘सर, मला दोन-दोन दिसतायत’ असं कोणता मुलगा सांगेल? तो लबाडी करत नाही. त्याच्या हिशोबात एकीकडे थोडी चक्कर आहे आणि दुसरीकडे आयुष्य. शिवाय हिशोब करणारा अवयवच त्या क्षणी जायबंदी आहे. म्हणून खेळायचं की नाही हा निर्णय जखमी खेळाडूच्या हातात असू नये. प्रशिक्षकाच्याही एकट्याच्या हातात नसावा, कारण त्याचंही नाव त्या निकालाला चिकटलेलं असतं.

आपल्या जिल्ह्याचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते परदेशी मार्गदर्शक सूचनांमध्ये सापडणार नाही. कंकशन झालेल्या मुलाला पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास कोणीतरी लक्ष ठेवणारं माणूस हवं, असं जगभर सांगितलं जातं. उलट्या वाढतात का, डोकेदुखी वाढत जाते का, बोलणं अडखळतं का, झोपेतून नीट जागा होतो का, हे पाहणारं. दसरा झाला की आपल्याकडे गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. जिल्हा आणि विभागाच्या शालेय स्पर्धांचा हंगामही त्याच सुमाराचा. मुलगा आजीजवळ किंवा वसतिगृहात, आई-बाप शेकडो किलोमीटरवर कोणत्या तरी कारखान्याच्या फडात, कोपीत. मैदानावरून त्याला घरी सोडलं, पण घरी कोण आहे? डोळ्यांनी अधू आजीला मुलाच्या डोळ्यातली बाहुली लहान-मोठी झालेली कशी दिसणार? आणि सामने संपले की हाच मुलगा सुट्टीत आई-बापाकडे फडात जातो. तिथे विश्रांती नाही. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून तोल सांभाळत ट्रकवर चढायचं. ज्या मानेवर आणि डोक्यावर तीन आठवड्यांपूर्वी मार बसला, त्यांच्यावरच उसाची मोळी. ‘हलक्या कामाने सुरुवात करा’ हा सल्ला तिथे कोणाला द्यायचा?

पुस्तिकेच्या लेखकांनी या प्रश्नाला बगल दिली नाही, याचं मला फार समाधान आहे. संघासोबत गेलेल्या शिक्षकाने मुलाला एकट्याला घरी सोडायचं नाही, पहिली रात्र त्याच्यासोबत जागतं माणूस ठेवायचं, पालक फडात असतील तर मुकादमाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर त्यांना त्याच दिवशी कळवायचं, आणि मोळीचं काम किती दिवस नको हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, असं त्यांनी लिहिलं आहे. या सूचना वैद्यकाच्या पुस्तकातल्या नाहीत. इथल्या माणसांनी इथल्या माणसांसाठी काढलेल्या आहेत.

बाकीचे नियम साधे आहेत आणि जगात सगळीकडे साधारण सारखेच. डोक्याला मार लागून कंकशन झाल्याची शंका आली तर खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळत नाही. शंका पुरेशी आहे, खात्री लागत नाही. पहिले एक-दोन दिवस आराम. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवण्याची गरज नाही, हिंडणं-फिरणं चालतं, मोबाइल मात्र कमीत कमी. त्यानंतर आधी शाळा, मग हलकं धावणं, मग झटापट नसलेला सराव, मग पूर्ण सराव आणि सगळ्यात शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि लक्षणं वाढली तर एक पायरी खाली. ब्रिटनमध्ये २०२३ पासून हौशी खेळाडूंसाठी सामन्यात परतायला किमान २१ दिवसांची मर्यादा घातली आहे. आपल्या पुस्तिकेतही तीच धरली आहे आणि मला ती योग्य वाटते, कारण डॉक्टर जवळ नसेल तिथे दिवस मोजणं हाच भरवशाचा मार्ग उरतो. वारंवार उलट्या, झटका, हातापायातली शक्ती जाणं, वाढती गुंगी, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाणी, मानेत तीव्र वेदना, यांपैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. मान दुखत असेल तर चार जणांनी हातापायाला धरून उचलायचं नाही. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारून ‘ऊठ, काही झालं नाही’ म्हणणं, गरम चहा पाजणं, हे प्रेमापोटी होतं, पण त्यात हाती असलेली मिनिटं जातात.

या सगळ्याला विरोध होईल, आणि तो वस्तादांकडून होईल असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. जुन्या वस्तादांना डोकं बिघडलेले पैलवान माहीत असतात. ‘पुढं पुढं त्याचं ध्यान राहिलं नाही’ एवढंच बोलून ते गप्प होतात, कारण त्यांनी ते नशिबाच्या खात्यावर टाकलेलं असतं. त्यातलं किती माराचं, किती व्यसनाचं, किती गरिबीचं, हे त्या माणसांबद्दल आता ठरवता येणार नाही. पण आज हौद्यात उतरलेल्या पोराबद्दल ठरवता येतं. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गादीशेजारच्या डॉक्टरला लढत थांबवण्याचा अधिकार आहे. जत्रेच्या फडात डॉक्टर नसतो, पण निकाल देणारी पंचमंडळी असतात आणि त्यांच्या शब्दाला मान असतो. त्यांनी कुस्ती सोडवली तर कोणी हरलं असं होत नाही, इनाम वाटून देता येतं, हे आपल्या फडाच्या रिवाजात आधीपासून आहे. तो रिवाज डोक्याच्या मारासाठी वापरायचा.

कबड्डीत हे काम पंचाचं. म्हणून माझ्या पंच मित्रांना उद्देशून दोन शब्द. पकडीत डोकं लागलेलं दिसलं तर गुण देऊन पुढे जाऊ नका. बाद झालेल्या गड्याकडे जा आणि पुस्तिकेत दिलेले पाच प्रश्न विचारा: आपण कोणत्या गावात आहोत, पहिला डाव चालू आहे की दुसरा, शेवटचा गुण कोणी घेतला, याआधीचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकलो का. स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता विचारून उपयोग नाही, ते मेंदू हादरलेल्यालाही येतं. एक उत्तर चुकलं तरी तो गडी जिवंत करायचा नाही, संघाला गुण मिळाला तरी. पाचही बरोबर आली, पण चालताना तोल जातोय, नजर ठरत नाही, किंवा शेजारचा गडी सांगतोय ‘सर, हा वेगळंच बोलतोय’, तरीही नाही. शेजारच्या गड्याचं ऐका, त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

हे पाच प्रश्न आणि धोक्याच्या खुणा पुस्तिकेच्या शेवटच्या जाड पानावर मोठ्या अक्षरांत छापल्या आहेत. ते पान कापून गुणलेखकाच्या टेबलावर चिकटवण्यासाठी आहे. गुणलेखकाने माराची वेळ आणि खेळाडूचा क्रमांक गुणपत्रिकेवर लिहावा आणि सामना संपल्यावर त्याची एक प्रत संघाच्या शिक्षकाला, दुसरी मुलाच्या घरी द्यावी. टेबलावर ते पान दिसलं नाही तर संघांनी ते पंचाकडे मागावं, आणि पंचाकडे नसेल तर नाणेफेक थोडी लांबवावी.